गार्नेट की सल्फाइड?

घन बॅटरीत द्रवाऐवजी लिथियमचे आयन वाहून नेणारा घन पदार्थ असतो; तो ऑक्सिजनयुक्त गार्नेट असावा की गंधकयुक्त सल्फाइड? नुसते आकडे पाहिले तर सल्फाइडच पुढे. 2011 मध्ये जाहीर झालेल्या लिथियम-जर्मेनियम-फॉस्फरस सल्फाइडची वाहकता साध्या तापमानाला सेंटिमीटरमागे 12 मिलिसीमेन्स. लिथियम-लँथनम-झिर्कोनियम गार्नेट जेमतेम एकाच्या आसपास. गंधकाचा आयन मोठा आणि लवचीक, लिथियमला अडवून धरत नाही. गार्नेटमधल्या ऑक्सिजनची पकड घट्ट. शिवाय गार्नेटची घनाकार रचनाच कामाची. ती चतुष्कोणी झाली की वाहकता सुमारे शंभरपट घसरते, म्हणून ती घनाकारच राहावी यासाठी त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम घालतात.

तरीही नागपुरात मी गार्नेटच निवडेन. इथल्या जुलैच्या दमट हवेत सल्फाइड उघडं राहिलं तर विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. गार्नेटवर कार्बोनेटचा थर चढतो, पण तो घासून काढता येतो. गार्नेट भाजायला भट्टी मात्र हजार अंशांच्या वर न्यावी लागते.