चाकणची नोकरी की उद्यमबागेत स्वतःची शेड?

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बहुतेक पोरांपुढे हा प्रश्न येतोच: पुण्याजवळच्या चाकणला कारखान्यात नोकरी, की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत स्वतःची शेड, म्हणजे छोटा कारखाना? मी शेडची वाट धरली, तेव्हा माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकतो.

पैशात पहिली काही वर्षं नोकरीच पुढे असते. ठरल्या तारखेला पगार, पीएफमध्ये आपले १२ टक्के आणि कंपनीचेही तेवढेच. धंद्यात आधी कामगारांचा पगार, मग मशीनचा हप्ता, वीजबिल, आणि उरलं तर आपलं.

फटकाही धंद्यातच जास्त जोरात बसतो, थेट घरापर्यंत पोचतो. आमची एक मोठी पार्टी, म्हणजे आमच्याकडून माल घेणारी कंपनी, बिल थकवून बंद पडली, तेव्हा घरातलं सोनं बँकेत गहाण पडलं. पण त्याच दिवसांत शेजारच्या शेडवाल्यानं स्वतःकडचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपनीसाठी करून द्यायचं काम, आमच्याकडे वळवलं. स्टीलवाल्यानं न मागता उधारी वाढवून दिली. आमचं काम अचूक मापाचं असतं, हे दोघांनाही वर्षानुवर्षं माहीत होतं. नोकरीत चांगल्या कामाचं नाव बहुतेक वेळा कंपनीचं होतं. इथे ते तुमचं होतं आणि अडचणीत उपयोगी पडतं. माझ्या लेखी धंद्याची सगळ्यात मोठी कमाई हीच.

लोखंडी नांगर बनवणारे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करही मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावलाच आले होते. लोखंडी नांगरानं जमीन नासते या समजुतीपायी त्यांचे नांगर सुरुवातीला पडून राहिले. पुढे कारखान्याची जागाही सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात सगळं नव्यानं उभारावं लागलं. मात्र पुढे काय करायचं, हे प्रत्येक वेळी त्यांचं त्यांनीच ठरवलं.

शिकण्याच्या बाबतीत मी नोकरीला कमी लेखणार नाही. तपासणीची शिस्त मोठ्या कंपनीत लागते तशी छोट्या शेडमध्ये लागत नाही. पण दर काढणं, फाउंड्रीवाल्याशी कन्नडमधून कास्टिंगचा (धातूच्या ओतीव भागांचा) वाद मिटवणं, हे शेडच शिकवते. आणि व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) धरता न येणारा हेल्पर एक दिवस स्वतः सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) सेटिंग करतो, तेव्हाचा आनंद मला तरी कुठल्याही पगारवाढीपेक्षा मोठा वाटतो.

डोक्यावर घरकर्ज असेल किंवा घरात आजारपण असेल, तर नोकरीच धरा. तसं नसेल तर दोन-तीन वर्षं टूलरूममध्ये (साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात) किंवा क्वालिटीत (तपासणी विभागात) काढा आणि मग शेड टाका. त्याहून लांबवलंत तर पगार सोडवत नाही. पहिल्या ऑर्डरआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती मोफत होते. २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर व्याजही मागता येतं. पार्टी कितीही जुनी असो, पैसे कधी देणार ते लिहून घ्या.