जुनं बावीस मॅग्नम रिव्हॉल्वर: रुगर घ्यावं की स्मिथ?

अमेरिकेतल्या गन शोमध्ये हा प्रश्न मला दर वेळी कुणीतरी विचारतं. बहुतेकदा विचारणाऱ्याच्या हातात आधीच स्मिथ असतं. चकाकतं म्हणून.

.२२ मॅग्नम रिमफायर (कडेवर टोला बसून उडणारं) काडतूस विंचेस्टरने १९५९ साली आणलं. गंमत म्हणजे त्यांची स्वतःची रायफल यायच्या आधीच त्या काडतुसाची रिव्हॉल्वरं दुकानांत आली होती. आपण ज्या दोघांत निवड करतोय ती त्याच वर्षाची भावंडं. एक रुगर कंपनीचं सिंगल-सिक्स. मूळ मॉडेल १९५३ चं, साध्या बावीसचं (.२२ लाँग रायफल काडतुसाचं), १९५९ ला मॅग्नम झालं. दुसरं स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४८. तेव्हाच्या के-२२ मास्टरपीसचंच हे मॅग्नम रूप, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठी घडवलेल्या रिव्हॉल्वरच्या घराण्यातलं.

ताकदीच्या बाबतीत दोघांत काहीच फरक नाही, कारण काडतूस एकच. रायफलच्या लांब नळीतून ४० ग्रेनची (सुमारे अडीच ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे १९०० फूट वेगाने जाते. सहा इंची रिव्हॉल्वरमधून तो वेग १४०० च्या आसपास येतो, आणि उरलेली दारू नळीच्या तोंडाशी आवाज आणि जाळ होऊन उडते. "बावीस आहे, किती आवाज करणार?" असं म्हणून कान उघडे ठेवणारा माणूस तशी चूक दुसऱ्यांदा करत नाही.

फरक आहे तो हाताळण्यात. रुगर सिंगल अ‍ॅक्शन आहे. प्रत्येक बारासाठी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, उजव्या अंगाचं छोटं दार उघडून एकेक काडतूस आत सरकवायचं, आणि नळीखालचा दांडा ढकलून एकेक पुंगळी बाहेर काढायची. सहा बारांना निवांत वेळ लागतो. स्मिथ डबल अ‍ॅक्शन आहे, नुसता चाप ओढला तरी घोडा आपणच मागे जाऊन पडतो. काडतुसांचं फिरतं सिलिंडर डावीकडे बाहेर झुकतं, दांडा दाबला की सहाही पुंगळ्या एकदम पडतात.

एकदम पडतात हे कागदावर. मॅग्नमची पुंगळी लांब असते, दाबाने फुगून चेंबरला, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकाला, घट्ट बसते, आणि सहा पुंगळ्या एकाच वेळी सोडवायच्या तर जोर सहापट लागतो. माझं पहिलं ४८ मी "जवळपास न वापरलेलं" या शब्दावर घेतलं. रेंजवर तिसऱ्या फेरीला दांडा अंगठ्याने हलेना. चौथ्या फेरीला तळहाताने ठोकावा लागला. घरी आल्यावर तळव्यावर दांड्याच्या टोकाएवढा लाल ठिपका होता. आधी वाटलं घाण असेल, म्हणून पितळी ब्रशने चेंबर घासले. फरक शून्य. मग भिंगाखाली पाहिलं तर सहाही चेंबरच्या कडेला नखाच्या टोकाएवढाही नाही, असा एकेक बारीक उंचवटा. रिमफायरमध्ये टोला पुंगळीच्या कडेवर बसतो. चेंबर रिकामं असताना चाप ओढत राहिलं की तोच टोला सिलिंडरच्या पोलादी कडेवर बसतो आणि धातू आत सरकतो. आधीच्या मालकाने बहुधा टीव्हीसमोर बसून सराव केला असावा. शेवटी एका कारागिराने कडा पुन्हा दाबून सरळ केल्या. पैसे गेले.

म्हणून कुठलंही घेताना आधी भरलेलं नाही याची खात्री करा, मग प्रत्येक चेंबरच्या कडेवरून नख फिरवा. अडकलं तर भाव पाडा किंवा टेबलावर परत ठेवा. रुगरलाही हेच लागू, पण तिथे पुंगळ्या एकेक निघत असल्याने त्रास कमी जाणवतो.

चापाच्या बाबतीत मात्र स्मिथला तोड नाही. घोडा ओढून ठेवला की चाप काच तुटावी तसा सुटतो. जुन्या रुगरचा चापही बरा आहे, पण त्यात ती नजाकत नाही. नेम धरायला स्मिथची मागची खाच वर-खाली, डावी-उजवी होते. रुगरमध्ये तशी सोय १९६४ च्या सुपर सिंगल-सिक्सपासून आली, त्याआधीच्यांत नेम जिथे आहे तिथे आहे.

आता खिशाचा प्रश्न. मॅग्नमचं काडतूस साध्या बावीसच्या तिप्पट-चौपट किमतीला पडतं, आणि रिमफायर असल्याने पुंगळी पुन्हा भरता येत नाही. इथे रुगरचा कन्व्हर्टिबल बाजी मारतो. त्यात दोन सिलिंडर मिळतात, एक मॅग्नमचं, एक साध्या बावीसचं. मधली पिन ओढा, सिलिंडर बदला, अर्ध्या मिनिटाचं काम. एक पक्की ताकीद: साधं बावीस मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये घालून उडवू नका. ते आत सैल बसतं, पुंगळी फुगून फाटते आणि गरम वायू मागे येतो. स्मिथलाही जादा सिलिंडर मिळत असे, पण आज ते शोधायला बसलात तर रिव्हॉल्वरपेक्षा सिलिंडरचाच पाठलाग जास्त होईल.

कोल्टची फ्रंटियर स्काउट याच पंगतीत बसते, पण फ्रेम मिश्रधातूची आणि नेम ठरलेला. भिंतीवर छान दिसते.

जुन्या रुगरची एक खोड मात्र पाठ करून ठेवा. १९७३ च्या आधीच्या मॉडेलमध्ये घोडा खाली असला की टोला (काडतुसावर आपटणारी पिन) थेट काडतुसावर टेकतो. रिव्हॉल्वर हातातून पडलं तर बार होऊ शकतो. म्हणून सहाच्या जागी पाचच भरायची. रीत अशी: एक भरा, एक चेंबर सोडा, चार भरा, घोडा पूर्ण मागे ओढा आणि हळूच खाली सोडा. मग टोल्यासमोर रिकामं चेंबर येतं. रुगर कंपनी अशा जुन्या मॉडेलांत सुरक्षिततेचा नवा भाग फुकट बसवून देते आणि काढलेले जुने भाग परत पाठवते. संग्राहकाला ते न बदललेलं हवं असतं, उडवणाऱ्याला बदललेलं.

पन्नास वर्षांहून जुनी म्हणून १९७३ च्या आधीची रुगर आणि त्या काळातली स्मिथ अमेरिकेत "क्युरिओ अँड रेलिक", म्हणजे संग्राह्य जुन्या शस्त्रांच्या वर्गात येतात. तीस डॉलरमध्ये तीन वर्षांचा संग्राहकाचा परवाना काढला तर दुसऱ्या राज्यातला नगही घरपोच मागवता येतं. राज्याचा कायदा वेगळा पाहावा लागतो. पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांना मात्र काय सांगणार, तिकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं. संग्रहाचा विषयच संपला.

माझं मत विचाराल तर पहिलं म्हणून रुगर कन्व्हर्टिबल घ्या. शनिवारी दोनशे बार साध्या बावीसचे, शेवटचे वीस मॅग्नमचे. स्मिथ दुसरं घ्या, चाप हातात बसल्यावर आणि खिसा सावरल्यावर. माझ्या पाहण्यात रुगर साधारण पाचशे-सातशे डॉलरला निघतं, चांगलं ४८ हजारापासून पुढे. रुगर घेताना जादा सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर कोरलेले आकडे फ्रेमवरच्या क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांशी जुळतात का ते बघा. आणि बदल करून घेतलेलं असेल तर जुन्या भागांची ती छोटी पिशवी मागा. "कुठेतरी असेल" असं उत्तर आलं तर ती नाहीच असं धरून किंमत सांगा.