एक्झेटर शाळेचे गणिताचे प्रश्नसंच: घरी वापरू पाहणाऱ्यांसाठी परीक्षण

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात एक्झेटर नावाच्या गावी फिलिप्स एक्झेटर अकादमी ही निवासी शाळा आहे, स्थापना १७८१ची. नववी ते बारावीची मुलं, त्यातली बहुतेक वसतिगृहात राहणारी. तिथली फी आणि प्रवेशाची स्पर्धा पाहता आपल्याकडची फार थोडी मुलं तिथे पोहोचणार. पण तिथल्या शिक्षकांनी स्वतः रचलेले गणिताचे प्रश्नसंच शाळेच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. आठवी-नववीच्या मुलांसाठी यापेक्षा कसदार गणित विकतसुद्धा मिळणं कठीण, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र ज्या पद्धतीसाठी ते लिहिलेत ती पद्धत बाजूला ठेवून नुसती पानं छापून मुलासमोर ठेवली, तर महिन्याभरात ती कपाटात जातात.

ती पद्धत अशी. १९३० साली एडवर्ड हार्कनेस या धनिकाने शाळेला ५८ लाख डॉलरची देणगी दिली. मुलांनी रांगेत बसून ऐकण्याऐवजी एका टेबलाभोवती बसून बोलत शिकावं, ही त्यामागची इच्छा होती. तेव्हापासून वर्गात मोठं लंबगोल टेबल असतं. भोवती साधारण बारा मुलं आणि त्यांच्यातच शिक्षक. टेबल लंबगोल असल्याने कोपरा नाही, त्यामुळे मागच्या बाकावर लपायची सोय उरत नाही. गणिताच्या वर्गात भिंतीवर भरपूर फळे असतात. मुलं आदल्या रात्री काही मोजके प्रश्न सोडवून येतात, आल्या आल्या एकेक प्रश्न फळ्यावर उतरवतात, मग ज्याने लिहिलं त्याने समजावायचं आणि बाकीच्यांनी शंका काढायच्या. शिक्षक गाडी रुळावरून घसरली तरच बोलतात.

लोकांचं लक्ष टेबलाकडे जातं, पण सगळा भार आदल्या रात्रीच्या तयारीवर आहे. तयारी न करता आलेली चार मुलं असतील तर तास संपेपर्यंत नुसत्या गप्पा होतात.

आता संचांबद्दल. यात धडे नाहीत, सोडवलेली उदाहरणं नाहीत, 'सराव संच ३.२' असली विभागणी नाही. बीजगणित, भूमिती, आलेख सगळं एकमेकांत मिसळलेलं. एखादी कल्पना आज एका प्रश्नात डोकावते, आठवड्याने दुसऱ्या वेषात येते आणि महिन्याने तिचं नाव कळतं. ठळक अक्षरांतल्या संज्ञांचे अर्थ संचाच्या शेवटी दिलेले आहेत.

पहिल्या संचाची सुरुवातच बघा. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे १ लाख ८६ हजार मैल, सूर्य ९ कोटी ३० लाख मैलांवर, तर प्रकाशाला पृथ्वीवर यायला किती वेळ? उत्तर ५०० सेकंद. एखादं मूल लांबलचक भागाकार मांडतं, दुसरं वरखालचे हजार आधी उडवतं. मिनिटांत सांग म्हटलं की कोणीतरी ८.३३ लिहितं आणि 'आठ मिनिटं तेहतीस सेकंद' असं वाचतं. खरं उत्तर आठ मिनिटं वीस सेकंद. ही चूक फळ्यावर सगळ्यांसमोर सापडते तेव्हा दशांश आणि सेकंद यांचा घोळ कायमचा मिटतो. नंतरच एका प्रश्नात शंभर कोटींपर्यंत मोजायला किती वेळ लागेल असं विचारलंय. सेकंदाला एक आकडा धरला तर सुमारे ३२ वर्षं, पण मोठा आकडा एका सेकंदात उच्चारून होतो का? इथे उत्तरापेक्षा काय गृहीत धरलं ते लिहिणं महत्त्वाचं.

उणिवाही आहेत. मुलांच्या संचात उत्तरं नाहीत. विषयवार शोधायचं म्हटलं तर हाती काही लागत नाही. अवयव पाडणे, समीकरणं सोडवणे यांचा हात बसायला लागतो तेवढा सराव इथे मिळत नाही, त्यासाठी आपलं पाठ्यपुस्तकच बरं. मैल, फूट, पौंड आणि बेसबॉलचं मैदान पदोपदी येतं. एककं बदलायच्या भानगडीत पडू नका, आकडे मुद्दाम नीट भाग जातील असे निवडलेले असतात आणि रूपांतर केलं की ते विस्कटतात. मराठी माध्यमाच्या मुलांना पहिले काही आठवडे गणितापेक्षा इंग्रजी वाक्यंच अडवतात, तेव्हा प्रश्न मोठ्याने वाचून 'दिलंय काय, विचारलंय काय' हे मराठीत सांगायला लावा. दुसऱ्या संचात भूमितीमध्ये सदिश (व्हेक्टर, म्हणजे लांबीबरोबर दिशाही असलेल्या राशी) फार लवकर येतात. आपल्याकडे ते अकरावीत भेटतात, त्यामुळे तिथे वेग निम्म्यावर आणावा लागतो.

घरी बसवायचं तर एकट्या मुलासाठी नको. चार ते सहा मुलं, शक्यतो एकाच इयत्तेची, आठवड्यातून दोनदा दीड तास. प्रत्येक बैठकीला सहा ते आठ प्रश्न पुरेत. घरी एका प्रश्नावर पंधरा मिनिटं झटूनही जमलं नाही, तर कुठे अडलं ते एका ओळीत लिहून आणायचं. 'आलं नाही' एवढं लिहिलेलं चालवून घेऊ नये. फळा नसेल तर भिंतीला दोन-तीन पांढरे बोर्ड लावा. वही दोनशे पानी आणि प्रश्नाच्या क्रमांकासह, कारण मागचा प्रश्न पुन्हा काढून पाहावा लागतोच.

सगळ्यात कठीण काम मोठ्यांचं आहे. आपली मुलं बोलताना टेबलाकडे न बघता मोठ्या माणसाकडे बघतात, 'बरोबर ना?' असं विचारतात, आणि आपण मान हलवतो. तिथेच चर्चा मरते. मान न हलवता 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न दुसऱ्या मुलाकडे वळवावा. एकच हुशार मूल सगळं बोलून टाकत असेल तर कागदावर मुलांची नावं गोल लिहून, कोणाच्या बोलण्यावर कोण बोललं त्या रेघा ओढा आणि शेवटी तो कागद मुलांनाच दाखवा. अशा टेबलाभोवतीच्या, म्हणजे हार्कनेस पद्धतीच्या वर्गांत ही युक्ती सर्रास वापरतात.

जेईईचा क्लास सुरू झाला की यासाठी वेळ उरत नाही, म्हणून आठवीची परीक्षा संपल्यावरची सुट्टी सुरुवातीला उत्तम. छापण्याआधी सगळ्यांनी एकच फाइल घेतली आहे ना ते बघा. संच वेळोवेळी सुधारले जातात, आणि जुन्या-नव्या प्रतींत प्रश्नांचे क्रमांक जुळत नाहीत.