एका बोटाचा कॉर्ड की तीन बोटांचा? कीबोर्ड घेतलाय, आता सुरुवात कशाने करायची

ऐरोलीत आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी रिटायर झाल्यावर कीबोर्ड घेतला, आणि परवा जिन्यातच थांबवून विचारलं, "अरे, रिदम लावून कॉर्ड वाजवायचे तर ते एका बोटाचं करू की नीट तीन बोटांनी शिकू? गणपतीत दोन गाणी वाजवायचीयत." जिन्यात उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर. दोन्ही पद्धतींत मशीनचं काम सारखंच असतं. अकम्पनिमेंट, म्हणजे मशीनची आपोआप साथ, चालू केली की ६१ पट्ट्यांपैकी डावीकडचं साधारण दीड सप्तक कॉर्डसाठी राखीव होतं, तिथे जे दाबाल त्यावरून मशीन कॉर्ड ओळखतं आणि ड्रम्सच्या जोडीला बेस, गिटार वगैरे त्या कॉर्डमध्ये वाजवत राहतं, उजवा हात चालीसाठी मोकळा. फरक आहे तो मशीनला कॉर्ड सांगायचा कसा एवढ्यातच.

एका बोटाची सोय खरंच चांगली आहे, तिला कमी लेखू नका. सी, डी, ई ही पट्ट्यांची इंग्रजी नावं, त्यातला सी दाबला की सी मेजर, एफ दाबला की एफ मेजर, पहिल्याच संध्याकाळी घरात गाणं उभं राहतं आणि त्या आनंदावर माणूस पुढचे सहा महिने रोज बसतो. पण गाण्यात मायनर, म्हणजे मेजरपेक्षा जरा उदास वाटणारा कॉर्ड आला की प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा. कॅसिओमध्ये मूळ पट्टीबरोबर तिच्या उजवीकडची आणखी एक कुठलीही दाबायची. यामाहाच्या जुन्या पद्धतीत मूळ पट्टीबरोबर डावीकडची जवळची काळी. आपल्याकडे कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणतात, त्यामुळे हे लक्षातच येत नाही. मी घणसोलीत एका सोसायटीच्या कार्यक्रमात तिथलाच कीबोर्ड वाजवायला घेतला आणि सवयीने ए मायनरसाठी ए आणि डावीकडचा जी शार्प दाबला. त्या मशीनने सगळ्यात खालचा स्वर मूळ धरला आणि जी शार्प मायनर वाजवला, अर्धा स्वर खाली, आणि गाणारी मुलगी अंतऱ्याच्या मधेच थांबली. मला आजही वाईट वाटतं त्याचं.

मशीन फिंगर्ड, म्हणजे पूर्ण कॉर्ड दाबायच्या मोडवर असलं की तीन बोटांनी दाबलेला ए मायनर, म्हणजे ए-सी-ई, कुठेही ए मायनरच. कॅसिओवर, यामाहावर, रिदम बंद असताना, अगदी पेटीवरसुद्धा. पहिले दोन-तीन आठवडे बोटं अडखळतात हे खरं, पण लोक समजतात तेवढं अवघड नाही, कारण हात उचलून उड्या मारायच्याच नसतात. डावी करंगळी सीवर, मधलं बोट ईवर, अंगठा जीवर. आता एफ हवाय तर करंगळी तिथेच ठेवा, तर्जनी एफवर आणि अंगठा एवर सरकवा, सी-एफ-ए, झाला एफ. जी हवाय तर अंगठा जीवरच, करंगळी एक घर खाली बीवर आणि मधलं डीवर. स्वरांचा क्रम बदलला तरी मशीन कॉर्ड बरोबर ओळखतं. एवढ्या तीन कॉर्डवर कितीतरी सोपी गाणी निघतात.

काही नव्या यामाहांमध्ये स्मार्ट कॉर्ड म्हणून आहे, गाण्याचा स्केल, म्हणजे त्यातले ठरलेले सात स्वर, आधी सेट करायचा, मग एक पट्टी दाबली की मेजर-मायनर मशीन ठरवतं. सरळ गाण्यांना मस्त. पण आपली कितीतरी भावगीतं यमन रागाच्या अंगाने जातात. सी हा सा धरून स्केल सी मेजर ठेवला तर डी दाबल्यावर डी मायनर येतो, त्यात शुद्ध मध्यम (एफ), आणि वर गायिका तीव्र मध्यमावर (एफ शार्प), कानाला टोचतंच. अशा वेळी स्केल जी मेजर ठेवायचा, सी दाबला की सीच येतो आणि डी मेजर होतो, एफ शार्पसकट. तीन बोटं येत असतील तर हा द्राविडी प्राणायाम लागतच नाही, डी-एफ शार्प-ए दाबलं की झालं.

गाणाऱ्याच्या पट्टीची, म्हणजे त्याचा सा कुठे आहे याची, चिंता दोन्हीकडे नको. त्याची काळी एक (सी शार्प) असेल तर ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर वरखाली सरकवायची सोय, एकने वाढवा, हात सीमध्येच. आणि आरतीला मात्र रिदम लावूच नका, मंडळी शेवटच्या कडव्यापर्यंत लय चढवत नेतात आणि मशीन आपल्या ठरलेल्या लयीतच राहतं.

तर काकू, गणपतीला महिन्याहून कमी दिवस असतील तर दोन्ही गाणी एका बोटाने बसवा, स्वतःच्याच मशीनवर, आणि कार्यक्रमालाही तेच न्या. पण रोजची पंधरा मिनिटं आजपासूनच रिदम बंद करून सी, एफ, जी तीन बोटांनी, अगदी सावकाश. बहुतेक मशीनवर फिंगर्ड मोडमध्ये एका पट्टीने कॉर्ड येत नाही, त्यामुळे मोड कुठला चालू आहे ते बसण्याआधी बघून घ्या. आणि मायनर अडला तर वर या, संध्याकाळी मी घरीच असतो.