१२० वॅटचा डबा आणि आईचा रेडिओ

स्पीकर घरी आला त्या दिवशी मी आईला तीनतीनदा विचारलं, "कसा आहे गं आवाज?" दर वेळी ती "छान आहे की" म्हणाली. पाचव्या दिवशी सकाळी पाहते तर बाईसाहेब पुन्हा मोबाइल कानाशी धरून रेडिओ ऐकत बसलेल्या आणि नवा स्पीकर कपाटावर, तोंड भिंतीकडे केलेला. "त्याचे दिवे डोळ्यांत जातात," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि माणूस काय बोलतोय ते कळतच नाही त्यात. हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं."

मलाही ते खटकलं होतं, नाही असं नाही. पण "मी शोधून काढला" असं घरभर ऐटीत सांगून झालं होतं. आपणच हुडकून आणलेली वस्तू भिकार निघाली हे कबूल करायला वेळ लागतो. आता केलंय कबूल, तर सगळंच सांगते.

गरज अगदी साधी होती. आईच्या खोलीत ठेवायला एक छोटा स्पीकर हवा होता. रेडिओवरच्या बातम्या, श्रुतिका, कुणी वाचून दाखवलेलं पुस्तक, कधीमधी जुनी गाणी. चालू-बंद करणं आणि आवाज कमी-जास्त करणं एवढंच तिला करावं लागेल असा, आणि खिशाला चिमटा न लावणारा. नामांकित कंपन्यांचे छोटे स्पीकर पाहिले, ते ठरवलेल्या रकमेच्या किंचित वर जात होते. त्या 'किंचित'साठी मी अडून बसले आणि शोधत राहिले. तासाभरात मोबाइलवर जाहिरात हजर.

१२० वॅट, १२ तास बॅटरी, डीप बास, पाण्यातही चालतो. किमतीवर काट मारलेली आणि खाली तिचा पाचवा हिस्सा. वर एक उलटं धावणारं घड्याळ, सवलत संपायला १४ मिनिटं बाकी. (पैसे गेल्यावर ते पान पुन्हा उघडलं. घड्याळ १४ मिनिटांवरच. दुसऱ्या दिवशी उघडलं, तरी १४.) व्हिडिओत स्पीकरच्या काळ्या पडद्यावर पाण्याचे थेंब थुईथुई नाचत होते आणि आवाज असा भरदार, की मी मनातल्या मनात पैसे देऊनही टाकले. आता आठवलं की हसू येतं. तो आवाज मी ऐकत होते माझ्याच कानातल्या इअरफोनमधून! व्हिडिओला गाण्याचं मूळ ध्वनिमुद्रण जोडलेलं होतं. मी ज्याच्यावर भाळले तो स्पीकर नव्हताच, माझा तीन वर्षं जुना इअरफोन होता. व्हिडिओवरून स्पीकरचा आवाज ठरवणं म्हणजे फोटोवरून अत्तराचा वास ठरवण्यासारखं आहे, हे तेव्हा सुचायला हवं होतं.

अभिप्राय मात्र मी वाचले होते. म्हणजे वरचे दहा-बारा: 'मस्त प्रॉडक्ट', 'पैसा वसूल', पाच तारे. तेवढे मला पुरले. नंतर डोकं फिरल्यावर खाली खाली गेले तर एका बाईंनी लिहिलेलं, 'माझ्या फोनला अगदी फिट बसलं, कडाही छान आहेत.' सोबत फोटो मोबाइलच्या कव्हरचा. चांगल्या खपलेल्या जुन्या वस्तूचं पान घ्यायचं, नाव आणि फोटो बदलायचे, तिथे नवी वस्तू मांडायची. आधीच्या वस्तूने कमावलेले तारे आयतेच मिळतात. कंपनीचं नावही असं, की दोन बड्या कंपन्यांची नावं अर्धी-अर्धी कापून जोडलीत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

खोकं हातात आलं तेव्हा मात्र समाधान झालं होतं, कारण वस्तू जड होती. जड म्हणजे दणकट, असं आपलं मन परस्पर ठरवून टाकतं. त्यांनाही ते ठाऊक असतं.

आईने भिंतीकडे तोंड केलं म्हणून त्या स्पीकरची पाठ मी पहिल्यांदा नीट पाहिली. पुढे सोनेरी अक्षरांत १२० वॅट. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत: इनपुट ५ व्होल्ट, १ अँपिअर; बॅटरी ३.७ व्होल्ट, १२०० एमएएच.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे शाळेत शिकलेलं. म्हणजे चार्जिंगच्या वायरमधून आत येणारी वीजच मुळी ५ वॅट. बॅटरीचं पाहिलं तर १२०० एमएएच म्हणजे १.२ अँपिअर-तास; ३.७ गुणिले १.२, साधारण ४.४ वॅट-तास. १२० वॅट खरे धरले तर ही बॅटरी सव्वादोन मिनिटांत कोरडी पडायला हवी. उलट १२ तास खरे धरले तर सरासरी खर्च निघतो वॅटच्या एक तृतीयांशाच्या आसपास. दोन्ही दावे एकाच खोक्यावर, एकमेकांच्या शेजारी बसलेले. गाण्यातला क्षणिक जोर सरासरीपेक्षा बराच जास्त असतो हे मान्य, ढोलाच्या थापेला लागलेली वीज पुढच्या क्षणी लागत नाही. पण ती सूट देऊनही ५ चे १२० होत नाहीत.

या फुगवलेल्या आकड्याला जुनं नाव आहे, पीएमपीओ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट). त्याची ठरलेली मोजपट्टीच नाही, ज्याने त्याने आपल्या मनाने काढावा. खरा आकडा आरएमएस या नावाखाली छापलेला असतो, म्हणजे स्पीकरला सतत देत राहता येईल ती ताकद. अमेरिकेत घरगुती अँप्लिफायरच्या जाहिरातींत असले वॅट एवढे बोकाळले होते, की १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने ताकद कशी मोजून सांगायची याचा नियमच केला. एवढी जुनी लबाडी, आणि मी तिच्यात आत्ता सापडले.

स्क्रू रबरी पायांखाली लपवलेले होते. चार काढले आणि झाकण उचललं.

पुढच्या जाळीमागे चार स्पीकर दिसायचे. त्यांतला खरा एकच निघाला, दोन इंचही नसलेला. बाकी तीन जागी काळ्या पुठ्ठ्याच्या चकत्या. खऱ्याच्या लोहचुंबकावर छाप होता, '४ ओहम ३ वॅट'. कारखान्यातून निघताना तो बिचारा खरंच बोलत होता, खोटं बोलायला लावलं ते वरच्या खोक्याने. दोन्ही टोकांचे बशीएवढे पडदे, ज्यांवर जाहिरातीत पाणी नाचलं, ते साच्यातून काढलेलं टणक प्लास्टिक होतं. चांगल्या छोट्या स्पीकरलाही टोकांना असे पडदे असतात आणि त्यांनाही चुंबक नसतो, त्यात खोटं काही नाही. आतली हवा त्यांना हलवते आणि बासला, म्हणजे खालच्या सुरांना, हातभार लागतो. पण ते पडदे मऊ असतात. बंद स्पीकरचा एका टोकाचा पडदा बोटाने अगदी हलके दाबला तर दुसऱ्या टोकाचा किंचित बाहेर येतो. आमचा अंगठ्याने दाबला तरी ढिम्म. आणि पाण्यात चालण्याचं म्हणाल, तर झाकणाच्या कडेला रबराची साधी पट्टीसुद्धा नव्हती. पाण्याचा दावा खरा असेल तर त्यासोबत आयपी अक्षरांनी सुरू होणारा दर्जा लिहिलेला असतो. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आमच्या खोक्यावर नुसतं थेंबाचं चित्र.

वजनाचं गुपित तळाशी होतं. ग्लू गनने चिकटवलेली लोखंडाची पट्टी, जिचा कशाशीही संबंध नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, २४० ग्रॅम. अख्खा स्पीकर ६०० ग्रॅमचा.

आईचं 'हंड्यात तोंड' कुठून आलं तेही मग समजलं. खालचे सूर काढायचे तर हवा बरीच ढकलावी लागते, एवढ्याशा पडद्याला ते झेपत नाही. केएलएच या अमेरिकी स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' ज्यांचा, त्या अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम सांगतात: लहान खोकं, खोल बास आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींतले दोनच पदरात पडतात. तेव्हा मुठीएवढ्या स्वस्त डब्यावर 'डीप बास' लिहिलेलं दिसलं, की समजायचं सर्किटमध्ये जरा वरचे घुमणारे सूर फुगवलेत. गाण्यात ते दोन मिनिटं बरं वाटतं. बोलण्याची मात्र वाट लागते. जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झचा (सेकंदाला तेवढी कंपनं) पट्टाच जायचा आणि तेवढ्यात आपण आवाजावरून माणूस ओळखायचो, बोलणं समजायचं. 'स', 'श', 'त' यांची धार त्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला आणि त्याच्याही वर असते. खालचा घुमारा त्यांच्यावर पसरला की शब्द पुसट होतात. आईचे कान ठीकठाक आहेत, उगाच मी मनात शंका घेतली होती.

सगळ्यात चीड आली ती पुढच्या हिशेबाची. समोरासमोर गप्पांचा आवाज मीटरभर अंतरावर साधारण ६० डेसिबल असतो. एका वॅटला मीटरभरावर ८० डेसिबल देणारा, म्हणजे तसा सुमारच स्पीकर धरा. ताकद दहापट कमी केली की १० डेसिबल उतरतात, तेव्हा ६० ला लागतो वॅटचा शंभरावा भाग. चार मीटरवरून तेवढंच ऐकू यायला हवं तर त्याच्या १६ पट (४ गुणिले ४), तरी पाव वॅटसुद्धा होत नाही. जे मला नकोच होतं त्या १२० च्या आकड्याला मी भुलले. आणि खरोखर दुप्पट वॅट मिळाले तरी वाढतात ३ डेसिबल, फरक कळतो न कळतो एवढेच.

'साधा' या शब्दाचीही त्याने पार वाट लावली. चालू केला की एक बाई पूर्ण आवाजात 'ब्लूटूथ मोड' म्हणून ओरडायची, रात्री अकरा वाजताही. अधिकचं बटण नुसतं दाबलं तर पुढचं गाणं, दाबून धरलं तर आवाज मोठा. त्यामुळे आई आवाज वाढवायला जायची आणि श्रुतिका निघून जायची. वर तो आपणहून माझ्या फोनला जाऊन चिकटायचा. एकदा ऑफिसच्या मीटिंगमधलं आमचं भांडण मी बाहेरच्या खोलीत बोलत असताना आईच्या खोलीत साग्रसंगीत वाजलं. "तुझा साहेब बराच चिडका दिसतो," एवढंच ती म्हणाली.

तक्रारीचं थोडक्यात सांगते. माल परत घेण्याची मुदत १० दिवस, पण बारीक अक्षरांत 'सील तुटलेलं नसावं'. सील न तोडता स्पीकर ऐकायचा कसा, हे विचारल्यावर खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. तो माझ्याकडे नव्हता. खोक्यात एक चिठ्ठी होतीच, पाच तारे द्या आणि थोडे पैसे परत मिळवा. मी एक तारा दिला, तर दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा निरोप: अभिप्राय काढा, २० टक्के परत करतो. नाही काढला. मग मी मोठ्या उत्साहाने आतल्या पट्टीचे फोटो पाठवले आणि तिथेच घसरले. 'ग्राहकाने वस्तू उघडून छेडछाड केली' म्हणून तक्रार बंद. पाठीवरच्या लेबलचा आणि पुढच्या १२० चा एकेक फोटो पुरला असता. स्क्रूला हात लावायचाच तर पैसे हातात पडल्यावर, किंवा पडणार नाहीत याची खात्री झाल्यावर. एक पैसा परत आला नाही.

आईकडे आता भाच्याच्या टेबलावर धूळ खात पडलेला एक जुना स्पीकर आहे. एकच पडदा, वायर लावायला एक भोक, आणि पुढे एक गोल फिरकी. कट्ट करून चालू होते, फिरवली की आवाज वाढतो. मागे लिहिलंय ५ वॅट आरएमएस. या वेळी आधी पारख केली. आईला रोजच्या ओळखीचा बातम्यांचा आवाज लावला, अगदी हळू, तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरी बसवली आणि ऐकलेलं वाक्य परत म्हणायला सांगितलं. तिने म्हटलं, वर बातमीवर आपलं मतही दिलं. हळू आवाजात ऐकणं मुद्दाम. मोठ्या आवाजात आपल्या कानांना खालचे सूर जास्त भरीव लागतात (फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं), म्हणून विकणारा नेहमी जोरात वाजवून दाखवतो. घरी मात्र आपण हळूच ऐकतो.

परवा सहज ते पान पुन्हा उघडलं. कंपनीचं नाव बदललंय, रंग निळा झालाय, पुढे १६० वॅट लिहिलंय. पाचव्या फोटोत स्पीकरची पाठ दिसते. मोठा करून पाहिला. ५ व्होल्ट, १ अँपिअर.