बेसबॉल सॅव्हंट : बंद हंगामात फलंदाज पारखायचा तर

भातकापणी उरकून मळे सुकले की रत्नागिरी-सिंधुदुर्गात टेनिस बॉलच्या स्पर्धांसाठी मैदानं आखली जातात आणि खेळाडूंचे लिलाव रंगतात. नेमकं त्याच दिवसांत अमेरिकेतलं बेसबॉल थांबलेलं असतं. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे सामने नाहीत, फक्त करार आणि अदलाबदली. 'लांब मारतो म्हणून घ्या' की 'सहजी आउट होत नाही म्हणून घ्या', हा आपल्या लिलावातला वाद तिथेही तसाच पेटतो. तो नीट समजून घ्यायचा असेल तर बेसबॉल सॅव्हंट ही साइट हाताशी हवीच. फलंदाज चेंडूला कसा भिडतो हे इतकं उघडं करून दाखवणारी दुसरी जागा नाही. खेळाडूची किंमत ठरवायला मात्र ती एकटी पुरत नाही.

साइट एमएलबीचीच, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेचीच आहे, फुकट आहे, लॉगइन लागत नाही. एमएलबीच्या तीसही मैदानांवर २०१५ पासून स्टॅटकास्टची, म्हणजे प्रत्येक चेंडूचा आणि फटक्याचा वेग-कोन टिपणाऱ्या यंत्रणेची मोजणी सुरू झाली. २०२० पासून ती हॉक-आयच्या कॅमेऱ्यांवर चालते, म्हणजे पायचीतच्या निर्णयात आपण बघतो तेच तंत्र. मे २०२४ पासून बॅटचा वेगही सगळ्यांसाठी खुला झाला.

खेळाडूचं पान उघडलं की लाल-निळे गोळे दिसतात, प्रत्येकात तो शंभरपैकी किती खेळाडूंच्या पुढे आहे तो आकडा. ५० म्हणजे मधला, १०० च्या जवळ गडद लाल, शून्याकडे गडद निळा. बहुतेकांची चूक इथेच होते, ते लाल गोळे मोजत बसतात. लुईस अराएझ या फलंदाजाचं उदाहरण घ्या. त्याच्या बॅटचा वेग ताशी साधारण ६३ मैल, एमएलबीतल्या सगळ्यात संथ बॅटींपैकी एक. सरासरी फलंदाजाचा वेग ७२ च्या आसपास असतो आणि जियानकार्लो स्टँटनचा ८१ पर्यंत जातो. ताकदीचे गोळे पाहिले तर अराएझ निळाच निळा. तरीही २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं, तीन वेगळ्या संघांकडून, त्यानेच आपल्या त्या वेळच्या लीगमध्ये (एमएलबीत अशा दोन आहेत) फलंदाजीच्या सरासरीत, म्हणजे पाळ्यांमागे यशस्वी फटक्यांच्या प्रमाणात, पहिला नंबर पटकावला. याचं उत्तर त्याच पानावर 'स्क्वेअर्ड-अप' या रकान्यात सापडतं. बॅट आणि चेंडूचा वेग धरून फटक्याला जास्तीत जास्त जेवढा वेग मिळू शकला असता, त्याच्या किमान ८० टक्के मिळाला तर तो फटका या रकान्यात जातो. बॅट संथ, पण चेंडू बरोबर मधोमध, हे अराएझचं भांडवल.

मग त्याला वान सोटो या फलंदाजाएवढे पैसे का मिळत नाहीत? कारण सरासरी एका बेसच्या फटक्याला (फलंदाज पहिल्याच टप्प्यापर्यंत पोचतो तो) आणि होम रनला (चेंडू कुंपणाबाहेर, आपल्या षटकारासारखा) एकाच मापाने मोजते. वोबा हे माप तसं करत नाही. त्यात वॉकला (चार बाहेरचे चेंडू सोडून फुकट मिळालेला पहिला बेस) सुमारे ०.७, एका बेसच्या फटक्याला ०.९, दोन बेसला १.२५, तीन बेसला १.६ आणि होम रनला २ असं वजन मिळतं. अराएझ वॉक कमी घेतो आणि त्याचे बहुतेक फटके एकाच बेसचे असतात. वान सोटोने २०२४ मध्ये ४१ होम रन मारले, १२९ वॉक घेतले आणि त्याचं बेस गाठण्याचं प्रमाण .४१९ होतं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्स या संघाने त्याच्याशी १५ वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला.

सोटो समजून घ्यायला 'स्विंग/टेक' हा भाग उघडावा. साइटवरची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारीही. इथे चेंडू चार पट्ट्यांत वाटलेले असतात : हार्ट म्हणजे अगदी मधोमध, शॅडो म्हणजे स्ट्राइक झोनच्या (चेंडू सोडला तरी फलंदाजाविरुद्ध धरला जातो त्या चौकटीच्या) काठाच्या आत-बाहेर, चेस म्हणजे त्याच्या पलीकडचे, आणि वेस्ट म्हणजे ज्याला कोणी बॅट लावू नये असे. प्रत्येक पट्टीत बॅट फिरवून किती धावा कमावल्या किंवा घालवल्या आणि चेंडू सोडून किती, हे वेगवेगळं दाखवलेलं असतं. आधी चेसमधला 'सोडला' हा आकडा बघा, मग हार्टमधला 'फिरवला'. दोन्ही अधिक (+) असतील तर त्या फलंदाजाला पारख आहे. चेसमध्ये भरघोस अधिक, पण हार्टमधल्या सोडलेल्या चेंडूंवर मोठी वजाबाकी, असं दिसलं तर तो चोखंदळ नाही, फक्त थांबून राहणारा आहे. शॅडोत जवळजवळ सगळेच तोट्यात असतात, तिथे उणे दिसलं म्हणून घाबरू नये.

फटक्याची गुणवत्ता मोजणारा शब्द 'बॅरल'. चेंडू बॅटवरून ताशी ९८ मैलांनी, म्हणजे सुमारे १५८ किलोमीटरने निघाला, तर तो २६ ते ३० अंशांत उडायला हवा. वेग वाढेल तशी ही खिडकी रुंदावते. ११६ मैलांना ८ पासून ५० अंशांपर्यंत चालतं. नुसत्या 'हार्ड-हिट'पेक्षा, म्हणजे ९५ मैलांच्या वरच्या फटक्यांपेक्षा, बॅरलवर भरवसा ठेवावा, कारण जोरात जमिनीत मारलेला चेंडूही हार्ड-हिटच असतो.

साइटचा खरा दोष 'एक्सवोबा'मध्ये, म्हणजे फटक्यांवरून अपेक्षित वोबा काढणाऱ्या आकड्यात आहे. फटक्याचा वेग, कोन आणि काही फटक्यांत धावण्याचा वेग एवढ्यावर तो निघतो. चेंडू कोणत्या दिशेला गेला हे तो धरत नाही. इसाक परेडेसने २०२३ मध्ये ३१ होम रन मारले, सगळे डाव्या बाजूला खेचून, जिथे कुंपण जवळ असतं. एक्सवोबाला हे नशीब वाटतं, पण तो ठरवून खेळलेला खेळ आहे. डिसेंबर २०२४ मध्ये परेडेस ह्यूस्टनच्या संघात गेला. तिथे डावीकडचं कुंपण ३१५ फुटांवर, म्हणजे जेमतेम ९६ मीटरवर. अशा खेळाडूसाठी होम रनची यादी उघडून 'डाउटर्स' बघावेत : ७ किंवा त्याहून कमी मैदानांतच जे होम रन ठरले असते ते या गटात येतात. तीसही मैदानांतून बाहेर गेले असते ते 'नो डाउटर्स'. खेचून मारणारा फलंदाज घ्यायचा तर आधी घेणाऱ्या संघाचं मैदान बघावं.

नमुना लहान असला की आकडे फसवतात. स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण फलंदाजीच्या साधारण ६० पाळ्यांत स्थिरावू लागतं, वॉकचं १२० मध्ये. सरासरीला ९०० च्या वर लागतात. म्हणून सप्टेंबरात पेटलेल्या फलंदाजाची सरासरी बाजूला ठेवून त्याचे स्ट्राइकआउट तपासावेत.

किंमत काढायची तर फॅनग्राफ्स या दुसऱ्या साइटवर 'वॉर' हा आकडा बघायचा. सुमारे १० धावा म्हणजे एक विजय, आणि सहज मिळणाऱ्या पर्यायी खेळाडूपेक्षा किती विजय जास्त, हा त्याचा हिशोब. बेसबॉल-रेफरन्स या साइटचा वॉर वेगळा निघतो, विशेषतः पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा : फॅनग्राफ्स स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन धरतं, रेफरन्स प्रत्यक्ष दिलेल्या धावा. दोन आकड्यांत एक विजयाचा फरक असेल तर त्यावर भांडू नये, तेवढी चूक मापातच असते.

मोबाइलवर पानं आडवी करून वाचावीत, नाहीतर रकाने कापले जातात. वेग मैलांत आणि अंतर फुटांत असतं; १.६ ने गुणलं की किलोमीटर, ३.२८ ने भागलं की मीटर. खाडीपलीकडे रेंज जाते-येते अशा ठिकाणी 'कस्टम लीडरबोर्ड'मध्ये हवे ते रकाने निवडून सीएसव्ही (तक्त्याची फाइल) आधीच उतरवून ठेवावी.

आपल्या लिलावात यातलं सगळं चालत नाही. बेसबॉलमध्ये चेंडू सोडणं ही कमाई आहे, सहा षटकांच्या सामन्यात तो निर्धाव चेंडू असतो. तिथला चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, साधा टेनिस बॉल जेमतेम ५८ चा. तो हवेत लवकर मरतो, त्यामुळे २६ ते ३० अंश हे माप आपल्या पोरांना जसंच्या तसं शिकवू नये. शिवाय दुपारी खारे वारे समुद्राकडून आत येतात. किनाऱ्याच्या बाजूला उंच मारलेला चेंडू सीमेच्या आतच पडतो, डोंगराच्या बाजूचा तोच फटका बाहेर जातो. स्कोअरबुकात फटक्याची दिशा आणि सामन्याची वेळ लिहून ठेवली, तर परेडेसला लावली ती कसोटी आपल्या फलंदाजालाही लावता येते.