बंड कोणतं घ्यावं: नारनौळचं की कागाचं?

आमच्या ठाण्यातल्या ग्रुपने उभ्या केलेल्या काल्पनिक राज्यात पुढच्या रविवारी राजाविरुद्ध धर्माचं बंड पेटणार आहे. गोष्ट रचत, पात्रं वठवत खेळायचा हा खेळ मी चालवतो. मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर दोन संध्याकाळी याच विचारात गेल्या. इतिहासातले दोन नमुने समोर आहेत.

पहिला १६७२चा, आजच्या हरियाणातल्या नारनौळचा. सतनामी या धर्मपंथातल्या एका शेतकऱ्याची पिकाची राखण करणाऱ्या प्याद्याशी बाचाबाची झाली आणि बघता बघता हजारो शेतकरी, कारागीर औरंगजेबाच्या फौजेवर चालून गेले. या लोकांना शस्त्राचा घाव लागतच नाही, अशी अफवा उठली. सैन्य इतकं बिचकलं की बादशहाने स्वतः दुआ लिहून त्या निशाणांवर लावायला दिल्या. कथेसाठी हे सोनंच आहे! जादू खरी की नुसती भीती, हे मी खेळाडूंना शेवटपर्यंत कळू देणार नाही. बंड मात्र लवकर चिरडलं गेलं.

दुसरा जपानचा. १४८८मध्ये कागा प्रांतात इक्को-इक्की, म्हणजे एका बौद्ध पंथाच्या बंडखोरांनी सरदार तोगाशी मासाचिकाला संपवलं आणि जवळजवळ शंभर वर्षं प्रांत हातात ठेवला. इथे खरी गोष्ट विजयानंतर सुरू होते: मठच राज्य करू लागला तर सारा कोण वसूल करणार?

वेळ असता तर कागाच घेतलं असतं. पण आमच्याकडे चारच रविवार आहेत, मग पोरांच्या परीक्षा. म्हणून नारनौळ. पहिला प्रसंगही ठरलाय: उभं पीक, एक प्यादा, आणि बांधावरून आलेला आवाज.